चौदाव्या मजल्यावरचं एक्सचेंज

आई, तुम्ही गेल्याची बातमी मी कोणालाही मोबाईलवरून कळवली नाही. ती तुमच्याच टेलिफोनच्या बोर्डावरून गेली.

दुपारची वेळ होती. डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. बाबू तुमच्या उशाशी बसला होता. तुमचा मुलगा आणि माझा नवरा, पण तुम्ही हाक मारायचात तेच नाव आज मीही लिहिते. मला काही सुचत नव्हतं. तेवढ्यात तुमच्या खाटेशेजारच्या बोर्डाच्या हिरव्या लोखंडी पेटीवरची एक झडप खटकन पडली. नवव्या मजल्यावरच्या जाधवबाईंनी आपल्या फोनचं हँडल फिरवलं होतं. मी उठेपर्यंत दुसरी झडप पडली, मग तिसरी. डॉक्टरांना लिफ्टमध्ये कोणीतरी पाहिलं असणार. बघता बघता दहाच्या दहा झडपा खाली आल्या. आपल्या टॉवरमधल्या दहा घरांतली म्हातारी माणसं एकाच वेळी एकच प्रश्न विचारत होती, आणि उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात.

बाबू उठला. त्याने दहाही लाइनींच्या दोऱ्या एकमेकींत खोचल्या, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सगळे एकदम ऐकतायत. आवाज बारीक जाईल, जरा मोठ्याने बोल."

मी बटण दाबलं आणि म्हणाले, "आई गेल्या."

जाधवबाईंचा आवाज आला, "आम्ही वर येतोय."

आणि सगळे आले, आई. काठी घेऊन आले, वॉकर घेऊन आले, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आले. सतराव्यावरच्या आजोबांना त्यांच्या मुलाने खुर्चीसकट लिफ्टमध्ये घातलं. महिनोन्‌महिने ज्यांनी आपल्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, ती माणसं आपल्या हॉलमध्ये मांडीला मांडी लावून बसली. बाहेर चपलांचा ढीग पडला, तो पार जिन्यापर्यंत गेला. तो ढीग बघून माझी मान ताठ झाली. सून म्हणून शोभत नसेल, पण त्या क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. आमच्या बाईने जिंकलं, असं वाटलं.

कारण या इमारतीत आपण आलो तेव्हाचे दिवस मला आठवतात. दहिसरच्या नदीकडे असलेली आपली बैठी चाळ पाडली, तिच्या जागी हा टॉवर उभा राहिला आणि लॉटरीत ज्याला जो मजला आला तो आला. चाळीत तुम्ही अर्ध्या घरांतली बाळं न्हाऊ घातली होती. पायांवर बाळ घेऊन, तेल जिरवून, शेक देऊन. ती बाळं मोठी होऊन तुमच्याच अंगावर ओरडायला लागली तरी तुम्ही त्यांच्या घरात न विचारता शिरायचात. इथे सगळ्यांचे दरवाजे बंद. तुम्ही पहिल्या आठवड्यात खिडकीशी उभ्या राहिलात आणि म्हणालात, "हयसून सगळा दिसता, पण कोणच दिसणा नाय."

मग त्या गुळगुळीत लादीच्या बाथरूममध्ये तुम्ही पडलात. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालवा. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत ते केलंत. जेवण पेजेवर आलं, पेज चार चमच्यांवर आली. एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकलं, तुम्ही बाबूला सांगत होतात, "माका आता सोडा रे." तो बाहेर आला आणि नळ सोडून उगाच हात धूत राहिला.

आम्ही काय काय करून पाहिलं ते तुम्हाला माहीत आहे. इंटरकॉम दाराजवळच्या भिंतीवर, तिथवर तुमचा हात जाणार कसा? आणि लागलाच तर खालचा वॉचमन उचलायचा आणि "कौन?" म्हणून ठेवून द्यायचा. मोबाईल आणला. जन्मभर तेल आणि साबणात राहिलेली तुमची बोटं त्या काचेला ओळखूच यायची नाहीत. दहा वेळा दाबून एकदा लागला, तो घाटकोपरच्या माझ्या भावाला. तो जाधवबाईंचा मुलगा आहे असं समजून तुम्ही त्याला आईकडे लक्ष देत नाहीस म्हणून झाडलंत. तो बिचारा "हो काकू, हो काकू" करत राहिला. तुम्ही मोबाईल उशीखाली घातलात आणि परत काढला नाहीत.

आणि बाबूचं भंगार तर घरात होतंच. फौजेतून निवृत्त झाल्यापासून त्याला हाच एक नाद. सैन्याने टाकून दिलेले जुने फील्ड टेलिफोन कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून शोधून आणायचे, उघडायचे, पेट्रोलने पुसायचे, बोलते करायचे. कॅनव्हासच्या पिशवीत बसवलेली जड पेटी, बाजूला फिरवायचं हँडल, वर काळा रिसीव्हर. माळ्यावर तेच, कॉटखाली तेच. तुमचं नि माझं ज्या एकाच गोष्टीवर एकमत होतं ती ही, की हे सगळं एक दिवस विकून टाकायचं. बाबूने त्यातला एक फोन तुमच्या खाटेशी ठेवला, दुसरा माझ्या ओट्याखाली. मध्ये काळी वायर. "आई, काही लागलं तर हँडल फिरव, मंगल उचलेल."

"मी काय लढायेक चललंय?" तुम्ही म्हणालात आणि त्याच्यावर चादर टाकलीत.

मग एका सकाळी ओट्याखाली घंटी वाजली. ताट पडावं तसा तो आवाज. माझ्या हातातला झारा सुटला. रिसीव्हर उचलला तर तुमचा आवाज, "फोडणी करपली गो."

आठवडाभरात तुम्ही स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य, आई. मी करपलेली फोडणी फेकली आणि दुसरी केली. एखादं काम दुसऱ्यांदा करताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

दोन-तीन दिवस तुम्ही मला पिडलंत. मीठ घातलंस का, दूध उतू जातंय, वास येतोय. मग बाबूला विचारलंत, "ही वायर जाधवबायकडे जायत काय रे?"

जाधवबाई म्हणजे चाळीतली तुमची शेजारीण, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, तुम्हाला परबवहिनी म्हणणाऱ्या, तुमच्याशी भिंत आणि भांडण दोन्ही वाटून घेतलेल्या. मुलगा-सून कामाला गेले की त्याही नवव्या मजल्यावर एकट्या. बाबूने केबलचं ड्रम बाहेर काढलं. ते पाठीला लावून तो जिना उतरत निघाला तेव्हा मी त्याला बघत राहिले. निवृत्तीनंतर खांदे पाडून चालणारा माझा नवरा एकदम ताठ झाला होता. वायरीच्या डक्टमधून त्याने लाइन खाली नेली, जाधवबाईंच्या खाटेशी फोन लावला, आणि त्या दुपारी तुम्ही दोघी चार वाजेपर्यंत बोललात. बोलताना रिसीव्हरवरचं बटण दाबून धरावं लागतं, सोडलं की फक्त ऐकायचं. तुम्हाला ते फार पटलं. "बरा यंत्र आसा," तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याक बोलूक देवचाच लागता."

जाधवबाईंकडे आहे म्हटल्यावर अकराव्यावरच्यांना हवा झाला, मग सहाव्यावरच्यांना. बाबूचं माळ्यावरचं भंगार एकेक करून घराबाहेर गेलं आणि मी देवाला हात जोडले. शेवटी त्याने तो दहा लाइनींचा बोर्ड आणला. फौजेतली तात्पुरती तळं असतात ना, तिथे तंबूत किंवा खड्ड्यात ठेवतात तसला. ज्याने हँडल फिरवलं त्याची झडप पडते, मग विचारायचं कोण पाहिजे, आणि एकाची दोरी दुसऱ्याच्या भोकात खोचायची. तुम्हाला तो खाटेवर पडून चालवता येईना. तो चालवायचा म्हणून तुम्ही उठून बसायला लागलात. बसता येईना म्हणून व्यायाम करायला लागलात. फिजिओथेरपीवाल्या मुलीला जे दोन महिन्यांत जमलं नव्हतं ते त्या दहा झडपांनी करून दाखवलं.

बोर्ड शिकवताना बाबू बोलायला लागला, ते तुमच्याइतकंच माझ्यासाठीही नवीन होतं. तो फौजेच्या सिग्नलमध्ये, म्हणजे टेलिफोन-वायरलेसच्या दलात, लाइनमन होता एवढंच आपल्याला ठाऊक. तुमची समजूत अशी की मुलगा साहेबाच्या ऑफिसात बसून टेलिफोन लावतो. त्या दुपारी तो दोऱ्या पुसत सांगत होता. तोफा मागे असतात, आणि गोळा कुठे टाकायचा ते बघणारा माणूस पुढे टेकडीवर. दोघांच्या मध्ये फक्त ही वायर. वायरलेसवर बोललं की शत्रूही ऐकतो, वायरीतलं वायरीतच राहतं. म्हणून जिथे फौज थांबेल तिथे आधी लाइन टाकायची, चहा नंतर. वाळवंटात एकाच वायरीवर काम चालवायचं, दुसऱ्या वायरीच्या जागी जमीनच, म्हणून फोनचं दुसरं टोक खिळ्याने जमिनीत ठोकायचं. कोरड्या वाळूतून आवाज जायचा नाही, मग आपल्या बाटलीतलं पाणी त्या खिळ्यावर ओतायचं. "स्वतः तहानेले राहायचो, पण आवाज असा खणखणीत यायचा," तो म्हणाला.

"आणि तुटली तर?" तुम्ही विचारलंत.

"तुटायचीच. गोळा पडला, गाडी गेली, बकऱ्या आल्या. मग दोघं निघायचो. वायर मुठीतून सरकवत चालत जायचं. मूठ रिकामी झाली की समजायचं, इथे तुटली. दुसरं टोक शोधायचं, जोडायचं, गळ्यातला फोन लावून दोन्हीकडे विचारायचं, ऐकू येतंय का."

"गोळे पडत असताना?"

"तेव्हाच तर तुटते."

तुम्ही हळूच विचारलंत, "तुका भय वाटूक नाय?"

"वाटायचं ना. पण वायर हातात असली की पुढे कोणीतरी आहे असं वाटतं."

तुम्ही त्याचा हात ओढून घेतलात आणि तळवा उलटासुलटा करून बघितलात. न्हाऊ घालायच्या आधी बाळाचा बघायचात तसा. पन्नाशी उलटलेला माणूस, तुमच्या खाटेच्या कडेला बसून राहिला, हात सोडवून न घेता. मी चहा ठेवायला आत गेले. तुमचा मुलगा तुम्हाला त्या दिवशी पुरता मिळाला, आणि माझा नवरा मलाही.

त्याच दिवशी तुम्ही फौजेचा एक नियम उचललात. तिथे रोज ठरलेल्या वेळी एक्सचेंज प्रत्येक लाइन वाजवून बघतं. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर लाइनमन निघतो. का, कशाला, थोडं थांबू या, असं काही नाही. निघतो. तुम्ही रोज सकाळी चहा झाला की दहाही घरं वाजवायला लागलात. औषध घेतलंस काय, रात्री झोप लागली काय, सून बोलली काय.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. तुम्ही लाइन जोडून द्यायचात आणि रिसीव्हर कानालाच ठेवायचात. मी म्हणायचे, आई, दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये. तुम्ही म्हणायचात, "आयकूचा नाय तर मगे जोडूचा कित्याक?" मी म्हणायचे, फौजेतही ऐकत नसतील. बाबू म्हणायचा, बोलणं चालू आहे की संपलं एवढं बघायला क्षणभर ऐकतात. तुम्ही म्हणायचात, "माझो क्षण मोठो आसा."

आणि मग ती गोष्ट, जी आपण दोघींनी कधी तोंडातून काढली नाही. एका दुपारी तुमचा डोळा लागलाय असं बघून मी ओट्याखालच्या फोनवरून जाधवबाईंशी बोलत होते. ओट्याखालची वायर बाबूने बोर्डावर त्यांच्या लाइनीला जोडून दिली होती. मी म्हणाले, इतकी वर्षं झाली, पण आमच्या आईंच्या तोंडून एकदा तरी 'छान झालंय' ऐकायला मिळावं. मी साताऱ्याकडची, माशांचं कालवण मी तुमच्याकडे शिकले, आणि तुम्ही ते रोज खाऊन रोज गप्प राहिलात. दुसऱ्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. तुम्ही दोन घास खाल्लेत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंत आणि म्हणालात, "आज बरा झालाहा." मी मान वर केली. तुम्ही अजून घड्याळाकडेच बघत होतात. मला कळलं की तुम्ही ऐकलंत. तुम्हाला कळलं की मला कळलं. मी तुम्हाला आणखी एक बांगडा वाढला. त्यानंतर ऐकण्यावरून मी भांडले ते सवयीने, मनापासून नाही.

मग सोसायटीची नोटीस लागली. डक्टमधल्या अनधिकृत वायरी रविवारच्या सभेत ठराव करून काढून टाकण्यात येतील. सेक्रेटरी देसाई वाईट माणूस नव्हे. कुठेतरी कोणाच्या तरी डक्टला आग लागल्याचं त्याने वाचलं होतं आणि त्याची झोप उडाली होती. बाबू त्याच्याशी बोलून आला. फौजेत आदेश पाळायची सवय, तो वायर गुंडाळायच्या तयारीलाही लागला होता. तुम्ही त्याला एवढंच म्हणालात, "आयतवार येवदे."

रविवारच्या दोन दिवस आधी, सकाळच्या फेरीत जाधवबाईंनी उत्तर दिलं नाही.

बाबू बोरीवलीला बँकेत गेला होता. तुम्ही पुन्हा हँडल फिरवलंत, पुन्हा फिरवलंत. मी म्हणाले, अंघोळीला गेल्या असतील. तुम्ही म्हणालात, "तिची आंघोळ सातांक होता. ती उचलना नाय म्हणजे काय तरी झालाहा. बाबू नाय तर तू जा." मी म्हणाले, कुकर लावलाय, शिट्टी होऊ दे. तुम्ही माझ्याकडे वळलात. आवाज चढवला नाहीत. "मंगल, लाइनमन निघता."

मी गॅस बंद केला. चाळीत असताना जाधवबाईंच्या घराची चावी तुमच्याकडे असायची, इथेही खिळ्याला अडकवलेली होती. ती घेतली. एका लिफ्टची दुरुस्ती चालू होती, दुसऱ्या लिफ्टमध्ये कोणाचं तरी कपाट अडकलेलं. मी जिन्याने पळाले. नवव्यावर पोचले तर बंद दाराआडून घंटी ऐकू येत होती. थांबायची, परत सुरू व्हायची. वर चौदाव्यावर तुम्ही हँडल फिरवतच होतात.

जाधवबाई खाट आणि कपाटाच्या मध्ये पडल्या होत्या. साखर उतरली होती. एक पाय अंगाखाली, कपाळाला खोक, अंग घामाने थंड. पण डोळे उघडे होते. मी त्यांच्या तोंडात साखर घातली, थोडी अजून घातली, शेजारच्यांना हाका मारल्या. जरा धुगधुगी आली तशी त्या पुटपुटल्या, "घंटी वाजली की डोळे उघडत होते मी. मिटले की परत वाजायची. म्हटलं, परबवहिनी चिडल्यात, आता उठलंच पाहिजे."

मी रिसीव्हर उचलला. तुमचा श्वास ऐकू येत होता. "जिती आसा मां?" तुम्ही विचारलंत.

"आहेत, आई. साखर दिलीय. अँब्युलन्स बोलावतोय."

"तिच्या कानाक लाव."

मी लावला. तुम्ही काय बोललात ते मला अर्धंच ऐकू आलं. "गो मेले, उचलूक काय झाला तुका," एवढं. जाधवबाई हसल्या आणि मग रडल्या. मी वर आले तेव्हा तुमचं मनगट सुजलेलं होतं आणि हात अजून हँडलवरच होता. बाबूने संध्याकाळी त्याला तेल लावून शेकलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी जाधवबाईंच्या मुलाला सांगितलं की अजून थोडा वेळ गेला असता आणि त्या ग्लानीत गेल्या असत्या तर कठीण होतं. त्या मुलाने येऊन तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. तुम्ही म्हणालात, "आयतवारी सभेक ये. हात वर करूक विसरू नको."

ती सभा मी विसरणार नाही. ऑपरेशननंतर तुम्ही पहिल्यांदाच खाली उतरलात, व्हीलचेअरवर, नेसूचं इस्त्री करून घेतलेलं, केसांत अबोली. देसाईंनी नीटपणे मांडलं. आजी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण उद्या वायरीमुळे आग लागली तर जबाबदार कोण? बाबूने एक फोन उघडून दाखवला. आत टॉर्चचे दोन सेल. घंटी तर हाताने फिरवलेल्या हँडलवर वाजते. "यावर टॉर्च पेटते, साहेब. वात पण पेटणार नाही." काही जण हसले. तेव्हा मागून एक गृहस्थ म्हणाले की आजकाल सगळ्यांकडे मोबाईल आहेत, हे सगळं कशाला, पाहुणे आले तर दिसायलाही बरं दिसत नाही.

तुम्ही त्यांच्याकडे खुर्ची वळवून घेतलीत. "तुझी आवस खय आसा रे आता?"

"घरी. बाराव्यावर."

"काय करता?"

"झोपली असेल. नाहीतर टीव्ही."

"विचार बघू तिका."

त्यांनी हसत मोबाईल काढला आणि लावला. वाजत राहिला. परत लावला. सगळा हॉल बघत होता. तिसऱ्यांदा लावताना त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. फोन खिशात घालून ते उठले आणि जवळजवळ पळतच बाहेर गेले. सभा थांबली. तुम्हीही थांबलात, पदराशी चाळा करत. थोड्या वेळाने ते परत आले. आई बाल्कनीत बसल्या होत्या, मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला. "बरी आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

"बरी आसा ना? मगे झाला तर," तुम्ही म्हणालात. त्यांना आणखी टोचलं नाहीत. देसाईंकडे वळलात. "तुझा भय खोटा नाय. पायपात घाल, हवी तर सोन्याच्या नळीत घाल. पण लायन रवतली."

हात वर झाले तेव्हा पहिला हात त्या बाराव्यावरच्या गृहस्थांचा होता. ठराव झाला, वायरी पाइपात घालून कायम ठेवायच्या, देखभाल परबांकडे. परबांकडे म्हणजे बाबूकडे नव्हे हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर जाताना लिफ्टमध्ये तुम्ही म्हणालात, "माका वडो खावचो आसा." पेजेचे चार चमचे मोजून खाणारी बाई, तुम्ही त्या दिवशी दोन वडे खाल्लेत आणि माझ्या बशीतल्या तिसऱ्याकडे बघितलंत.

त्यानंतरचे दिवस मी तुमचे म्हणते. वॉकर धरून खाटेपासून बोर्डाच्या खुर्चीपर्यंत चालत जाणारी, दहा घरांचे संसार दोरीने इकडचे तिकडे जोडणारी, कोणाची सून माहेरी गेली, कोणाला पथ्याचं पाठवायचं, कोणाचा आज वाढदिवस, सगळं तोंडपाठ असणारी. चाळ पाडली तेव्हा सगळे म्हणाले होते, आता ते दिवस गेले. तुम्ही त्यांना वायरीने बांधून चौदाव्या मजल्यावर परत आणलंत.

एक गोष्ट मात्र मला लागत राहिली होती. तुम्ही मला बोर्डाला हात लावू दिला नाहीत. मी कधी खुर्चीत बसले की म्हणायचात, "तुका जमाचा नाय, तुझो आवाज मऊ आसा." मला वाटायचं, घाटावरच्या सुनेला अजून परकी धरता. हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं. परवा बाबूजवळ बोलले. तो म्हणाला, "मी पण एकदा विचारलं होतं तिला. म्हणाली, ती दिवसभर राबता, तिका आणि एक काम कशाक? मी मेल्यावर तीच करतली."

आई, हे मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण मीही तुम्हाला कधी सांगितलं नाही, की त्या फोडणीच्या सकाळपासून ओट्याखालची घंटी वाजली की मला बरं वाटायचं. तुम्ही पिडायचात तेव्हा तर जास्तच. आपण दोघींनी बटण दाबलं नाही, एवढंच.

ऐकण्यावरचं आपलं भांडण मात्र मी पुढे चालू ठेवणार आहे. मी लाइन जोडली की रिसीव्हर खाली ठेवते. काल फक्त एकदा ठेवायला उशीर झाला. जाधवबाई सहाव्यावरच्या आजींना सांगत होत्या की परबवहिनींनी जाताना जागा रिकामी ठेवली नाही. तेवढं ऐकलं आणि ठेवला.

आता ताजी बातमी. शेजारच्या बी विंगच्या लोकांनी आपणहून सोसायटीला अर्ज दिला होता. देसाईंनी स्वतः उभं राहून गच्चीवरून पाइप टाकून घेतला. बाबू कुर्ल्याहून वीस लाइनींचा मोठा बोर्ड घेऊन आलाय, तुमचा त्याच्या शेजारीच ठेवलाय. आज सकाळी त्याने शेवटचं टोक जोडलं आणि मला म्हणाला, बस. मी साडीचा पदर खोचला आणि तुमच्या खुर्चीत बसले.

फार वेळ थांबावं लागलं नाही. नव्या बोर्डावरची पहिली झडप पडली. मी रिसीव्हर उचलला. पलीकडे कोणी वयस्कर गृहस्थ होते, बटण दाबून मोठमोठ्याने बोलत होते. "हॅलो, परबआजी आहेत का? मला त्यांच्याशीच बोलायचं होतं."

"त्या गेल्या, आजोबा. गेल्या आठवड्यात."

 त्यांनी परत बटण दाबलं, त्यांच्या घरातला पंखा मला ऐकू आला. मग जरा बिचकत त्यांनी विचारलं, "मग आता तिथे कोण बसलंय?"

माझा आवाज मऊ आहे, आई. पण मी छाती भरून श्वास घेतला, आणि आवाज बी विंगच्या सातव्या मजल्यावर खणखणीत पोचला.

"मी त्यांची सून. बोला, कोणाला जोडून देऊ?"